नव्या मुलखाची मोजणी

खोलीची किल्ली हातात देण्याआधी अण्णांनी खोली मोजली. माझ्यासमोर, लोखंडी टेपनं, टेपचं एक टोक मलाच धरायला लावून. मी दोन बॅगा आणि गॅसची शेगडी घेऊन दारात उभी, घामानं निथळतेय, आणि हे गृहस्थ मान वाकडी करून आकडे वाचतायत. मग म्हणाले, "एकशे अठरा चौरस फूट तुमच्या ताब्यात. बाहेरचा ओटा माझा. ओट्यावर बसा, पण कपडे वाळत घालू नका. हद्द म्हंजी हद्द."

मी "बरं" म्हणाले. मनात म्हणाले, कुठं येऊन पडले मी.

येरमाळ्याच्या सरकारी दवाखान्यात मी लॅबमध्ये होते, म्हणजे लोकांच्या भाषेत रक्त-लघवी तपासणारी बाई. खोलीसाठी त्याआधी चार घरं पालथी घातली होती. आमचं घर बौद्धांचं. आडनाव सांगितलं की रिकामी खोली एकाएकी पाहुण्यांसाठी लागायची, हे मला लहानपणापासून पाठ आहे. अण्णांनीही आडनाव विचारलं. ऐकलं, वहीत लिहिलं आणि टेप आणायला आत गेले. तेवढ्यावर मी ती ओट्याची अट मान्य केली.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. कळंब तालुक्यातले बांध साखळी ओढून ओढून पायाखाली घातलेले, म्हणून गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणायचं. साहेब म्हणायची मला दवाखान्यातच पुरेशी सवय झाली होती, म्हणून मी अण्णा म्हणायला लागले. उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. रस्त्यानं चालताना ओठ हलायचे. मला वाटलं नामस्मरण. तर ते पावलं मोजायचे. घर ते एसटी स्टँड चौदाशे दहा. एकदा चौदाशे अठरा भरली, तर अर्ध्या वाटेवरच्या ओळखीच्या माणसाला तसंच सोडून घरी आले आणि पहिल्यापासून निघाले. सख्ख्या मेव्हण्याच्या शेताची मोजणी यांच्याकडं आली तेव्हा बांध मेव्हण्याच्या अंगावर अर्धा हात सरकला. यांनी दगड तिथंच रोवला. बायकोचं माहेर तुटलं ते कायमचं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना आवाजात पश्चात्ताप वगैरे काही नव्हतं.

काकू जाऊन सातेक वर्षं झाली होती. घरात एकटे. स्वयंपाक स्वतः करायचे, भाकरी अगदी गोल, भाजीला चव नाही.

संध्याकाळी साडेसहाला मात्र काहीतरी व्हायचं. साडेसहाच्या आत अण्णा तोंड धुवायचे, धुतलेला शर्ट घालायचे, टोपी सारखी करायचे, चपला दाराबाहेर काढून आतल्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. मला वाटलं पूजा. पंधरा दिवसांनी साखर मागायला गेले तर आत बघते काय, हा साठीतला माणूस कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेला आणि पडद्यावर दाढीवाला एक बैरागी हातात काठी घेऊन माळरानातून चाललेला. चालायचा आणि काटकोनात वळायचा. परत चालायचा.

"काय बघताय अण्णा?"

"बघत न्हाय. मोजतोय," म्हणाले. "बसा. पण मधी बोलू नका, आकडा चुकतो."

असा मला त्या खेळाचा परिचय झाला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. एक भलामोठा देश, जगभरचे लोक आपापल्या घरी बसून त्यात आपलं एकेक सोंग घेऊन हिंडतात. कुणी तलवारवाला, कुणी तिरंदाज, कुणी जादू करणारा. अण्णांचा बैरागी वैदू होता. दुसऱ्याला जखम झाली की यानं हात वर करायचा, मग त्या माणसाच्या अंगावर पिवळा उजेड पडायचा आणि तो बरा व्हायचा. सोंगाचं नाव मोजणीदार. लोक तिथं राक्षस मारायला यायचे. अण्णा सात वर्षं तो देश पावलांनी मोजत होते. टेबलावर मोठे कागद, त्यावर पेन्सिलीनं आखलेले नकाशे. लांडग्यांचा माळ. तुटका पूल. विहीर, पाणी नाही. प्रत्येक कागदाखाली खात्याच्या पद्धतीनं ओळ: मोजणीवेळी हजर. आणि तिथं नेहमी एकच नाव, टिटवी.

त्यांच्या खेळण्याला तिथली बाकीची पोरं हसायची. मेलेल्या शत्रूच्या अंगावरचं सामान घ्यायचं असा तिथला रिवाज आहे. त्यावरच माणूस मोठा होतो. अण्णा घेत नसत. "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा न्हाय," म्हणायचे. त्यामुळं सात वर्षांनीही बैराग्याच्या अंगावर फाटकी कफनी. हरणं मारायची नाहीत, ती काय वाकडं करतात. लांडगे चालतील. अनोळखी कुणी समोर आला की दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून 'नमस्कार' लिहायचं. तोवर तो माणूस दोन डोंगर ओलांडून गेलेला असायचा. मी हसून हसून बेजार व्हायचे. हळूहळू मी रोजच चहाचा कप घेऊन मागच्या खुर्चीत बसायला लागले. येरमाळ्यात संध्याकाळी करायचं तरी काय.

टिटवी ही तिरंदाज होती. हिरवे कपडे, लांब वेणी. ती आली की अण्णांचा हात आधी टोपीकडं जायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं. ती पुढं, हे मागं. ती बाण मारायची, तिला लागलं की हे हात वर करायचे. बोलणं अगदी कामापुरतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, दोघांच्या डोक्यावर उमटायचं. डावीकडं दोन लांडगे. थांबा, रक्त कमी आहे. आता चला.

एक दिवस तिच्या डोक्यावर उमटलं, "गोळी घेतली का?"

अण्णांनी हळूहळू लिहिलं, "घेतली."

बीपीची गोळी. त्यांचं बीपी मीच मोजायचे, म्हणून मला ठाऊक. माझा चहा हातातच राहिला. मी विचारलं, "अण्णा, ही कोण?"

"हाय एक तिरंदाज," म्हणाले, आणि ताकास तूर लागू दिली नाही.

सांगितलं ते शेजारच्या दूधवाल्या मावशींनी. अण्णांना एक मुलगी आहे. लहानपणी तोंडाला खळ नाही म्हणून अण्णाच तिला टिटवी म्हणायचे. हुशार, इंजिनिअर झाली. कॉम्प्युटर तिचाच, सुट्टीत घरी आली की तासन्‌तास त्यात डोकं घालून बसायची आणि अण्णा ओरडायचे. पुण्याला नोकरी लागली आणि एक दिवस तिनं लग्न करून मग फोन केला. मावशींनी जावयाचं आडनाव सांगितलं. आमच्यातलंच. अण्णांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, येडेश्वरी देवीच्या डोंगरावर गेले आणि चार माणसांदेखत पायरीवर हात ठेवून म्हणाले, आजपासून पोरीशी मी तोंडानं एक शब्द बोलणार नाही. काकू गेल्या तेव्हा मुलगी आली होती. तेरा दिवस राहिली. हा माणूस तेरा दिवस तिच्या समोर बसून गप्प होता.

"आईच्या मातीला सुदिक बोलला न्हाय," मावशी म्हणाल्या.

मला राग आला. तसं माझ्या रागाला फार लांबून यावं लागत नाही. मी तडक आत गेले आणि विचारलं, "अण्णा, माझं आडनाव वहीत लिहिताना तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला. "तुमी विचारून राहायला आला, बाई. तिनं विचारलं न्हाय."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता?"

हा माणूस खोटं बोलत नसे, तोच त्याचा ताप. "म्हाईत न्हाय," म्हणाले.

"नाही म्हणाला असता, तर?"

"तर तिनं केलं तेच केलं असतं."

"मग?"

"मग काय. बोलून बसलो."

जातीचं होतं की न विचारल्याचं, याचा निकाल मला आजही लावता येत नाही. त्यांनाही लावता येत नसावा. मी आठ दिवस ओट्यावर बसले नाही. नवव्या दिवशी साडेसहाला आत मागच्या खुर्चीत जाऊन बसले, कारण मला टिटवीची काळजी वाटायला लागली होती.

काकू गेल्यावर त्यांनी मुलीच्या कॉम्प्युटरवरची साडी काढली होती. झाकायला काकूंनीच घातलेली, जुनी हिरवी. पडद्याच्या कडेला मुलीच्या अक्षरात पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली तशीच. पोर यात काय बघायची ते बघावं म्हणून चालू केलं, आणि महिन्याभरात टिटवी समोर येऊन उभी राहिली. कोण कुणाला ओळखतं हे दोघांनीही कधी लिहिलं नाही. तोंडानं बोलायचं नाही अशी शपथ. बोटांचं काही ठरलेलं नव्हतं. पण त्यातही यांची हद्द होतीच. लांबच्या माणसाला निरोप पाठवायची सोय त्या खेळात आहे. अण्णा ती वापरत नसत. "समोर नसलेल्याशी बोलायचं म्हंजी फोनच झाला की." टिटवी समोर उभी असेल तरच लिहायचं. तिलाही हे ठाऊक असावं, कारण तीही कधी लांबून निरोप पाठवत नसे. अशा माणसापुढं मी हात टेकले होते.

आणि मग तो नवा मुलूख आला.

खेळ काढणारी कंपनी दर दोन-तीन वर्षांनी त्या देशाला नवा भाग जोडते, एवढं मला अण्णांनी समजावलं. यावेळी समुद्रापलीकडं अख्खा नवा खंड. जुन्या बंदरातून जहाज सुटणार, सगळे तिकडं जाणार. पडद्यावर रोज त्याच्या जाहिराती: बर्फाचे डोंगर, निळी जंगलं. पोरांना घाई झालेली. अण्णांना आधी त्याचा संताप आला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तिथल्या पहिल्याच गवतात सापडणारी काठी तुमच्या सात वर्षांच्या काठीपेक्षा भारी असते. "मंग ह्या सगळ्याचं काय?" नकाशांच्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणाले. मी म्हणाले, "खेळ आहे अण्णा." ते माझ्याकडं असे बघत राहिले, की मी कप धुवायला उठले.

मग एका संध्याकाळी टिटवीनं लिहिलं, "नव्या मुलखात येणार ना? रविवारी अकराला पलीकडच्या धक्क्यावर थांबते. तिथं एक सांगायचंय."

अण्णांनी लिहिलं, "येतो." मग खोडलं. मग लिहिलं, "हजर राहीन."

तो आठवडा मी अण्णांना असं बघितलं, की जणू खात्यानं त्यांना परत कामावर बोलावलंय. कळंबहून नवे कागद आणले. पेन्सिली तासल्या. एका कोऱ्या कागदावर डाव्या कडेला नुसता किनारा आखून ठेवला, पुढची मोजणी तिथून सुरू करायची म्हणून. "काय सांगायचं असंल हो?" असं मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना ओट्यावर माझा टॉवेल वाळत होता, त्याकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.

नवा भाग कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला आठवडाच लागला. गावातली रेंज, त्यात दुपारची लाईट जायची. मी माझ्या फोनचं नेट दिलं. शनिवारी सगळं उतरलं. मला मात्र तो डबा बघून धाकधूक होती, दहा-अकरा वर्षांचं ते मशीन जुन्या माळावरच धापा टाकायचं. मी म्हणाले, "धाराशिवला जाऊन नवं आणू या. मी येते बरोबर."

"ह्ये तिचं हाय," म्हणाले. 'तिचं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, म्हणून पुढं बोलले नाही. बोलायला हवं होतं.

रविवारी पावणेअकराला बैरागी बंदरावर उभा होता. गर्दी एवढी, की पाय ठेवायला जागा नाही. जहाज लागलं. सगळे चढले, अण्णा चढले. शिडं फुगली, किनारा मागं जायला लागला. अण्णांनी टोपी सारखी केली. मग पडद्यावर निळा रंग पसरला, डब्यातला पंखा भणाणला आणि सगळं काळं झालं.

परत चालू केलं. बैरागी जुन्याच बंदरावर. जहाजाची वाट बघितली, चढले. पुन्हा काळं. मी डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला, ओल्या फडक्यानं बाजू पुसल्या, काही बाकी ठेवलं नाही. तिसऱ्यांदा अण्णा चढले तेव्हा जहाजावर ते एकटेच होते. बाकीचा देश कधीच पलीकडं गेला होता. आणि बरोबर त्याच जागी, समुद्राच्या मध्यावर, पडदा काळा.

पावणेएक वाजला होता. मी म्हणाले, "फोन लावा अण्णा. मशीन बंद पडलं एवढंच सांगा."

मान हलवली. नाही.

"मी लावते. मी बोलते. तुम्ही गप्प बसा."

"काय म्हणून सांगाल?" म्हणाले. "मोजणीदाराचं मशीन बंद पडलं म्हणून? मंग मोजणीदार कोण आन्‌ टिटवी कोण, ह्ये उघडं पडलं. उघडं पडल्यावर ती फोनवर 'अण्णा' म्हणंल. तिनं 'अण्णा' म्हटल्यावर म्या गप्प बसू शकन का?"

"नका बसू. बोला की."

"येडाईच्या पायरीवर हात ठेवलाय, बाई."

मावशींकडून नंबर घेऊन मी गुपचूप फोन करू शकले असते. मी केला नाही. दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये, हे वळण तोवर मलाही लागलं होतं. मला आजवर त्याबद्दल स्वतःला माफ करता आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी परत नव्या मशीनचं काढलं. तर म्हणाले, "नोटीस मिळून गैरहजर राहिलेल्याचं म्हणणं ऐकत न्हाईत. तसा कायदा हाय." किती माणसांना त्यांनी स्वतः हे वाक्य ऐकवलं असेल.

साडेसहाला बसणं सुटलं नाही. जुना मुलूख त्या मशीनवर चालत होता. पण तिथं आता कुणी नव्हतं. बाजारात ठरलेली चार वाक्यं बोलणारे खोटे दुकानदार तेवढे उभे. दिवाळीनंतर ऊसतोडीला सगळं बिऱ्हाड गेल्यावर गाव दिसतं तसा तो देश दिसायचा. बैरागी धक्क्याच्या टोकाला उभा असायचा, अण्णा मोजत काही नसत. टिटवी आली नाही. मी मागं बसायचे, पण बघवत नव्हतं. खरं सांगते, काहीतरी निमित्त काढून उठायचे. गोळी घेतली का, हे मी सकाळी जाता-येता विचारायचे, तेही आठवलं तर.

दोन महिन्यांनी माझी बदली झाली, आमच्या घराजवळ, तामलवाडीला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा अण्णा सुतळीनं बांधलेली कागदाची गुंडाळी घेऊन आले. "ह्ये तुमच्याकडं राहू द्या. सवडीनं उघडा. उघडल्यावर काय करायचं ते तुमाला कळंल." मी "बरं अण्णा" म्हणाले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मग त्यांनी रिकामी खोली मोजली, टेपचं टोक दाराच्या कडीत अडकवून, एकट्यानं.

गुंडाळी मी कपाटावर टाकली. लांडग्यांच्या माळाचं मी काय करणार होते. नवी जागा, आईचं आजारपण, कामं, सवड कुठं. वरची धूळ दोनदा झटकली एवढं आठवतं.

मावशींचा फोन आला, मोजणीसाहेब गेले. सकाळी दूध घालायला गेल्या तर खुर्चीत होते. औषधाच्या डब्यात गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या, न फोडलेल्या.

निघताना गुंडाळी बरोबर घेतली. एसटीत सुतळी सोडली. एकच कागद. डाव्या कडेला आखलेला किनारा, पुढं सगळं कोरं. खाली, टोकदार पेन्सिलीनं, खात्याच्या अक्षरात:

मोजणी अपूर्ण.
मोजणीवेळी हजर: मुलगी.
गैरहजर: बाप. कारण: मशीन बंद पडले. तीन वेळा प्रयत्न केला.
प्रत: मुलीस, बाईंच्या हस्ते.

मी सबंध रस्ता तो कागद मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलंय का. मी हो म्हणाले.

ओट्यावर मुलगी बसली होती. मांडीवर दहा महिन्यांची पोर. मी कोण ते सांगितलं. तिनं जागा करून दिली, आणि बोलायला लागली ती थांबेना. नाव उगाच पडलं नव्हतं. "सगळा खेळ सैरावैरा पळतो, आणि एक म्हातारा सरळ रेषेत चालून काटकोनात वळतोय. लगेच ओळखलं मी. त्या रविवारी हिचंच सांगायचं होतं, तिसरा महिना होता. तीनपर्यंत धक्क्यावर थांबले. मग आठ दिवस रोज साडेसहाला जात होते. मला वाटलं, झालं, अण्णांनी इथंही दगड रोवला. म्हटलं, दर वेळी मीच का मागं यायचं." पोरीला सावरून घेत म्हणाली, "हिचं तोंडसुद्धा बघितलं नाही त्यांनी."

मी कागद तिच्यापुढं धरला. तिनं पोर माझ्याकडं दिली आणि वाचला. परत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"हा तुमच्याकडं कधीपासून आहे?"

पोरगी माझ्या खांद्यावरची ओढणी तोंडात घालत होती. मी ती सोडवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "चौदा महिने."